नाकाची सर्जरी करायचीय? सर्जन आधी तपासा, फोटो सगळ्यात शेवटी बघा

नाकाचं ऑपरेशन करायचं डोक्यात आलं की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात, मोबाईल काढून रील्स बघत बसतात. दोन दिवसांत मोबाईललाही कळतं की या माणसाला नाकं बघायचीयत, मग काय, सकाळ-संध्याकाळ नुसती नाकं, आधी बाक मग सरळ, आधी बसकं मग एकदम चाफेकळी, मागे गाणं चालू, आणि त्यातलं एखादं मनात भरलं की त्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन टाकायची. डिग्री, हॉस्पिटल, भूल कोण देणार, हे सगळं नंतर किंवा कधीच नाही. माझं म्हणणं आहे की हा क्रम सरळ उलटा करा. आधी कागद, मग प्रश्न, मग हॉस्पिटल, आणि फोटो शेवटी, कारण एकदा फोटो आवडला ना की पुढे समोरच्याने काहीही सांगितलं तरी आपण माना डोलावतो.

मी डॉक्टर नाही. मावसबहिणीचं नाक लहानपणी सायकलवरून पडून वाकडं झालेलं, ते करायचं ठरलं तेव्हा तिच्यासोबत बऱ्याच कन्सल्टेशनला बसले, आणि तेव्हापासून ओळखीत कोणालाही नाकाचं काही करायचं असलं की फोन मलाच. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. महाराष्ट्र धरून लिहिलंय, गोव्यातल्या लोकांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी स्वतःशी ठरवा, नक्की काय करायचंय

दिसायला बदल हवाय, श्वासाचा त्रास आहे, का दोन्ही? हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि पुढे डॉक्टर, खर्च, इन्शुरन्स सगळं यावर ठरतं. आपल्याकडे सरसकट "हाड वाढलंय" म्हणतात पण बऱ्याचदा हाड वगैरे काही वाढलेलं नसतं, नाकाच्या मधला पडदा एका बाजूला सरकलेला असतो, त्याला सेप्टोप्लास्टी लागते आणि त्यात बाहेरून नाकाचा आकार फारसा बदलत नाही. बाहेरचा आकार बदलायचा ती र्‍हायनोप्लास्टी, आणि दोन्ही एकत्र केलं की सेप्टोर्‍हायनोप्लास्टी. नाक बाहेरून वाकडं असेल तर आतला पडदाही वाकडा असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून नुसतं दिसण्यासाठी गेलात तरी श्वासाचं तपासून घ्या.

मग कागदावर एका ओळीत लिहा. "दांडीवरचा उंचवटा नकोय." किंवा "शेंडा खाली झुकतो, हसल्यावर जास्त." किंवा "नाकपुड्या रुंद वाटतात." एका ओळीत लिहिता येत नसेल, म्हणजे नुसतं "छान दिसायचंय" एवढंच येत असेल, तर अजून थांबा. आणि हे कोणाला हवंय तेही बघा. तुम्हाला हवंय का कांदेपोह्याला आलेल्या कोणाच्या तरी काकूने नाक मुरडलं म्हणून आईला हवंय? चांगला सर्जन हा प्रश्न विचारतोच, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

वयाचं थोडक्यात: नाकाची वाढ पूर्ण झाल्याशिवाय दिसण्यासाठीची सर्जरी करत नाहीत, मुलींमध्ये साधारण १५-१६ नंतर आणि मुलांमध्ये १७-१८ नंतर. आणि अठराच्या आतल्या मुलांच्या संमतीपत्रावर आईवडलांची सही लागते.

डिग्री वाचायला शिका, इथेच अर्धं काम होतं

पाटीवर नावापुढे अक्षरांची मालगाडी असते, त्यातले कुठले डबे कामाचे ते सांगते.

प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत तीन वर्षांचं एमसीएच किंवा डीएनबी (हल्ली डॉ.एनबी असंही लिहितात). एमबीबीएसनंतर थेट प्लास्टिक सर्जरीत डीएनबी केलेलेही असतात, तेही चालतं. दुसरा रस्ता ईएनटीचा (कान-नाक-घसा), म्हणजे एमएस ईएनटी किंवा डीएनबी ईएनटी, आणि त्यावर फेशियल प्लास्टिक किंवा र्‍हायनोप्लास्टीची फेलोशिप केलेली असेल तर उत्तम. या दोन्ही रस्त्यांनी आलेले लोक नाकं करतात आणि चांगली करतात. कोण चांगलं यावर त्या दोघांची भांडणं चालू असतात, आपण त्यात पडायचं कारण नाही. श्वासाचा त्रास मोठा असेल तर ईएनटीवाला, अपघात किंवा फाटलेल्या ओठाबरोबर आलेलं नाक असेल तर प्लास्टिकवाला, असा माझा साधा हिशोब. बाकी नुसत्या आकारासाठी डिग्रीच्या नावापेक्षा त्या माणसाच्या हाताखालून नाकं किती गेलीयत ते बघायचं, त्याच्यावर पुढे येतेच.

दातांच्या डॉक्टरकीत एमडीएस करून जबड्याचे आणि चेहऱ्याचे सर्जन झालेले, हेही काही ठिकाणी नाकं करतात. चेहऱ्याच्या फ्रॅक्चरमध्ये त्यांचा हात चांगला असतो, पण निव्वळ दिसण्यासाठीचं नाक त्यांनी करावं का यावर प्लास्टिक सर्जन लोकांचा आणि त्यांचा जुना वाद आहे. त्यांची नोंद डेंटल कौन्सिलकडे असते, त्यामुळे मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव सापडलं नाही तर लगेच बोगस समजू नका, पण आपण कोणाकडे चाललोय ते माहीत असू द्या.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. "कॉस्मेटिक सर्जन" किंवा "एस्थेटिक फिजिशियन" अशी आपल्याकडे एमसीएचसारखी वेगळी डिग्री नाहीये, ते पाटीवर लिहायचे शब्द आहेत. "बोर्ड सर्टिफाइड" हा अमेरिकेतला प्रकार, आपल्याकडच्या डॉक्टरने लिहिला असेल तर कुठलं बोर्ड म्हणून विचारा. नुसतं "एमएस" लिहिलंय? कशात ते विचारा, हाडांचा डॉक्टरही एमएस असतो, डोळ्यांचाही असतो, आणि आयुर्वेदातही एमएस असते. डिप्लोमा इन अमुकतमुक, मेंबर ऑफ अमुक सोसायटी, ही अक्षरं भरताड असतात, त्यांनी ऑपरेशन करता येत नाही. फेलोशिप दोन दिवसांची पण असते आणि वर्षभराची पण, कुठे केली आणि किती दिवस केली एवढं विचारलं की समोरच्याचा चेहराच सांगतो. त्वचारोगतज्ज्ञ स्किनसाठी बेस्ट पण नाकाचं हाड कापायचं ट्रेनिंग त्यांचं नाही.

नाव रजिस्टरवर शोधा

याला पैसे लागत नाहीत आणि तरी दहातले नऊ जण करत नाहीत. नॅशनल मेडिकल कमिशन (२०२० साली जुन्या एमसीआयच्या, म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी आलं ते) त्यांच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे, तिथे नावाने किंवा रजिस्ट्रेशन नंबरने शोधता येतं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते.

नंबर कुठून आणायचा? प्रिस्क्रिप्शनवरून. डॉक्टरने क्लिनिकमध्ये आणि प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर दाखवायचा असा नियमच आहे, २००२ पासूनचा. नावाने शोधायला गेलात तर आपल्याकडे एकाच नावाचे ढीगभर पाटील आणि देशमुख निघतात, शिवाय बायकांची लग्नाआधीची नावं, म्हणून नंबर टाका, वर्ष आणि कौन्सिल निवडा, मग एकच ओळ येते. त्या ओळीत डिग्री, वर्ष आणि युनिव्हर्सिटी बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तिथे नुसतं एमबीबीएस दिसलं म्हणजे डॉक्टर खोटा असं नाही, नंतरची डिग्री वर चढलेलीच असते असं नाही. तेव्हा सरळ क्लिनिकमध्ये विचारा, "सर, तुमचं एमसीएच कुठून, आणि कौन्सिलला नोंद आहे ना?" खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. कॉलेजचं नाव लगेच सांगतात, कित्येकांचं सर्टिफिकेट भिंतीवरच लावलेलं असतं. राग आला तर उठायचं. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडियासारख्या संघटनेचे मेंबर आहेत का तेही विचारता येतं, पण ते जास्तीचं, डिग्रीची जागा मेंबरशिप घेत नाही.

डिग्री झाली, आता नाकं किती?

एमसीएचमध्ये भाजलेले पेशंट, हात, जबडे, फाटलेले ओठ, सगळं शिकवतात, त्यामुळे एखादा प्लास्टिक सर्जन आयुष्यभर भाजलेल्या पेशंटचं उत्तम काम करतो आणि नाकं वर्षातून चार करतो, यात त्याचा काही कमीपणा नाही, फक्त तुमच्या कामाचा माणूस तो नाही. नाक हे या सगळ्यात कटकटीचं ऑपरेशन समजलं जातं, कारण मिलिमीटरचा खेळ, त्यात श्वास सांभाळायचा, आणि जखम भरताना नाक पुढे कित्येक महिने थोडं थोडं बदलत राहतं.

यावरून आठवलं, नाकाची सर्जरी काही परदेशातून आलेलं फॅड नाहीये. टिपू सुलतानाच्या लढाईत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता, त्याला पुण्याकडच्या एका वीटभट्टीवाल्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आलं, आणि तिकडचे सर्जन ते वाचून शिकले. कपाळाच्या कातडीची ती पद्धत नाक गेलेल्या पेशंटसाठी आजही वापरतात. त्या वीटकऱ्याकडे कसली डिग्री असणार, पण नाकं जोडणं हेच त्याच्या घरचं काम असणार! आज डिग्री लागतेच, त्याला पर्याय नाही, पण हात त्याच एका कामात बसलेला हवा हे तेव्हाही खरं होतं.

म्हणून विचारा: महिन्याला साधारण किती नाकं करता? त्यातली पहिल्यांदाची किती आणि दुसरीकडे बिघडून आलेली किती? बिघडलेली नाकं त्याच्याकडे येत असतील तर बाकीचे डॉक्टर त्याला मानतात असा अर्थ. आणि तुमच्यासारखं नाक किती वेळा केलंय, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांची कातडी जाड आणि शेंड्याची कूर्चा (कानात असतं तसलं लवचिक हाड) मऊ असते, तिथे नुसतं कापून कमी करून भागत नाही, शेंड्याला आतून टेकू द्यावा लागतो. फक्त उंचवटा घासणारा सर्जन अशा नाकाला पुरत नाही.

पहिली भेट

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण सर्जन खरा कळतो तो इथे.

वाईट भेट कशी असते ते आधी. रिसेप्शनला गोड बोलणारी काउन्सेलर, तिच्याकडे टॅबलेट, त्यावर तुमचा फोटो टाकून दोन मिनिटांत तुमचं नाक एखाद्या नटीसारखं करून दाखवणार, मग पॅकेज, मग ईएमआय, मग "आज बुक केलंत तर वीस टक्के कमी". डॉक्टर? डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशी भेटतील, ते व्हिजिटिंग आहेत. बहिणीसोबत अशा एका ठिकाणी आम्ही बसलो होतो, मी तीनदा विचारलं की सर्जनचं नाव काय, तर तीनदा "आमची एक्स्पर्ट टीम आहे मॅडम". टीमच्या हातात सुरी नसते हो, एका माणसाच्या हातात असते. फोनवरून सर्जरी बुक करून देणाऱ्या कंपन्याही असतात, त्यांच्यामार्फत गेलात तरी हरकत नाही पण सर्जनचं नाव आणि नंबर आधी लेखी घ्या आणि वर सांगितलं तसं तपासा, पैसे त्यानंतर.

चांगली भेट अशी. सर्जनने बहिणीला खुर्चीत उजेडाकडे तोंड करून बसवलं, हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाले, "काय खुपतं ते बोट ठेवून दाखव." मग नाकाचा शेंडा बोटाने दाबून बघितला, किती परत उभा राहतो ते. दांडीवरून दोन बोटं फिरवली. हसायला सांगितलं, शेंडा खाली येतो का बघायला. एक नाकपुडी बंद करून दुसरीने श्वास घ्यायला लावला, मग गाल हलकेच बाहेर ओढून परत घ्यायला लावला आणि विचारलं, आता मोकळं वाटतं का? आत टॉर्च मारून पडदा बघितला. हनुवटीकडेही बघितलं, कारण हनुवटी आत असेल तर नाक उगाच मोठं दिसतं. मग फोटो, समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, आणि मान वर करून खालून. हे सगळं झाल्यावर म्हणाले, "उंचवटा जाईल, वाकडेपणा बराच कमी होईल पण शंभर टक्के सरळ होणार नाही, लहानपणीचा मार आहे." बहिणीचा चेहरा पडला. मला मात्र तिथेच बरं वाटलं.

तुम्हाला न आवडणारी एक तरी गोष्ट त्या भेटीत सर्जन सांगतो का, ते बघा. एका तासाच्या भेटीत सगळंच "होऊन जाईल" असेल तर काळजी करा.

विचारायचे प्रश्न मी फोनमध्ये लिहून नेते, लाजायचं नाही:

ओपन करणार का क्लोज्ड, आणि का? ओपनमध्ये दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर छोटा छेद असतो, क्लोज्डमध्ये सगळे छेद आतून. एक चांगलं आणि एक वाईट असं काही नसतं, "तुमच्या नाकाला हे का" याचं उत्तर मिळायला हवं.

कूर्चा लागली तर कुठून घेणार? आधी पडद्यातून, ती पुरली नाही तर कानातून, अगदीच जास्त लागली तर बरगडीतून. सिलिकॉन टाकणार असतील तर ते का, आणि पुढे इन्फेक्शन झालं किंवा ते कातडीतून बाहेर यायला लागलं तर काय, हे दोनदा विचारा.

तुमच्या पेशंटमध्ये काय काय बिघडलंय आतापर्यंत? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा सर्जन मला सगळ्यात जास्त पटतो. रक्त येणं, इन्फेक्शन, श्वास अडकणं, थोडं वाकडं भरून येणं, कोणाकडे ना कोणाकडे होतंच. "माझ्याकडे आजपर्यंत काहीच झालं नाही" म्हणणाऱ्याने एक तर नाकं कमी केलीयत किंवा पेशंट परत त्याच्याकडे जात नाहीत.

परत हात लावायला लागला तर? साधारण वर्षभर थांबतात, सूज पूर्ण उतरल्याशिवाय दुसरं ऑपरेशन करत नाहीत. त्याची फी कोणाची, निदान थिएटरचा आणि भुलीचा खर्च कोणाचा, आधीच बोलून घ्या.

सुरी तुम्हीच धरणार ना सर, पूर्ण वेळ? आणि रात्री दोनला रक्त यायला लागलं तर फोन कोणाला?

आणि सर्जननेही तुम्हाला विचारायला हवं. सिगरेट, तंबाखू, मिश्री चालू आहे का (निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, म्हणून काही आठवडे आधी बंद करायला लावतात), ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कुठले काढे-चूर्ण, ॲलर्जी, आधी नाकावर काही केलंय का. यातलं काहीच न विचारता तारीख देत असतील तर तिथून निघा.

कधी कधी सर्जन "नको करूस" म्हणतो. नाकात फारसं काही नसताना दिवसभर आरशात तेच बघणं, फोटोच न काढू देणं, आधीच दोनदा करून तरी समाधान नसणं, अशा वेळी तो आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला सुचवतो. अपमान समजू नका. त्याची फी बुडवून तो हे सांगतोय. मग लगेच हो म्हणणारा दुसरा सर्जन शोधत फिरू नका, तो सापडतोच, तोच तर प्रॉब्लेम आहे.

किमान दोघांचं मत घ्या. दोघांचे प्लॅन थोडे वेगळे येतील ते चालतं, पण एक म्हणतो पडदा वाकडा आहे आणि दुसऱ्याने आत बघितलंच नाही, तर उत्तर तुम्हाला मिळालं.

"ऑपरेशन कशाला, इंजेक्शनने करू"

हे हल्ली पार्लरपर्यंत आलंय म्हणून मध्येच सांगते. फिलर, म्हणजे कातडीखाली इंजेक्शनने टाकायचं जेल, भरून नाकाची दांडी उंच दाखवतात, तासाभराचं काम. त्याने नाक लहान होत नाही, भरून सारखं केल्यासारखं वाटतं एवढंच, आणि काही महिन्यांनी विरघळतं. पण नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत, फिलर चुकून वाहिनीत गेलं तर कातडी मरते आणि दृष्टी गेल्याच्याही केसेस झाल्या आहेत. करायचंच असेल तर पात्र डॉक्टरकडे, फिलर विरघळवायचं औषध जवळ ठेवणाऱ्याकडे. पार्लरमधल्या ताईकडे भुवया करा, नाक नको.

हॉस्पिटल आणि भूल

नाकाचं पूर्ण ऑपरेशन बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन करतात, तेव्हा ते नीट ऑपरेशन थिएटरमध्येच व्हायला हवं, क्लिनिकच्या खुर्चीत नाही. नर्सिंग होमला रजिस्ट्रेशन लागतं, ते सर्टिफिकेट आणि पेशंटच्या हक्कांची सनद भिंतीवर लावलेली असते, नसेल तर विचारा. एनएबीएचचं (हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन असेल तर चांगलंच. भूल देणारा डॉक्टर एमडी, डीएनबी किंवा डीए अनेस्थेशिया केलेला हवा आणि ऑपरेशन संपेपर्यंत तिथेच हवा, आणि आदल्या दिवशी किंवा त्याआधी त्याने तुम्हाला तपासायला हवं. काही झालं तर आयसीयू इथेच आहे का, नसेल तर कुठे नेणार? हे विचारताना अशुभ बोलतोय असं घरच्यांना वाटतं. वाटू दे.

प्रायव्हेट झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपूरचं सरकारी मेडिकल, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, इथे प्लास्टिक सर्जरी होते. निव्वळ हौसेच्या नाकाला तिथे नंबर मागे लागणार हे उघड आहे, पण अपघाताचं, जन्मजात दोषाचं, फाटलेल्या ओठासोबतचं नाक असेल तर आधी तिथेच जा, रोज अवघड केसेस बघणारे लोक आहेत.

पैसे

खर्च प्रायव्हेटला लाखाच्या घरात जातोच, आकडा शहरावर आणि सर्जनवर. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आकड्यात काय काय धरलंय ते. सर्जनची फी, भूल, थिएटर, खोली, औषधं, स्प्लिंट (ऑपरेशननंतर नाकावर लावतात तो कडक आधार), नंतरच्या भेटी, हे सगळं लेखी मागा. दिसण्यासाठीच्या सर्जरीवर जीएसटीही लागतो, अपघात किंवा जन्मजात दोष दुरुस्त करायचा असेल तर लागत नाही, तेव्हा सांगितलेला आकडा टॅक्स धरून आहे का ते बघा. नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

हेल्थ इन्शुरन्समध्ये कॉस्मेटिक सर्जरी बसत नाही. पडद्याचं ऑपरेशन बसतं, त्याला बहुतेक पॉलिसींत वेटिंग पिरियड असतो. काही ठिकाणी स्वतःहून सांगतात, "आपण सगळंच पडद्याच्या नावाने दाखवू". नको. क्लेम अडकला तर पॉलिसी तुमची जाणार, आणि केस पेपरवर तुमच्या नाकात जे झालं त्यापेक्षा वेगळंच काही लिहिलेलं राहणार, ते पुढे जास्त महाग पडतं.

आता फोटो बघा

डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढू नये असा वैद्यकीय आचारसंहितेत नियम आहे, तरी रील्सचा पूर आहे, त्यावर काय बोलणार. मी म्हणते क्लिनिकमध्ये बसून, संमती दिलेल्या पेशंटचे फोटो दाखवा म्हणून सांगा. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच उजेडात, एकाच कोनातून आहे का? आधीच्या फोटोत मान खाली आणि नंतरच्यात मान वर आणि मेकअप, हे बघायला डोळा तयार व्हायला वेळ लागत नाही. नंतरचा फोटो किती महिन्यांनी काढलाय? टेबलवरचा किंवा प्लास्टर काढल्या दिवशीचा फोटो काही सांगत नाही, वर्षाचा मागा. समोरून बघा, खालून बघा, बाजूचा फोटो कोणाचाही छान येतो. आणि सगळी नाकं एकाच साच्यातली दिसत असतील, प्रत्येकाचा शेंडा तसाच चिमटा काढल्यासारखा, तर तुमचंही तसंच होणार.

कॉम्प्युटरवर बदललेला तुमचा फोटो हे बोलणं सोपं व्हायला ठीक आहे, ती गॅरंटी नाही, आणि तसं सर्जनने स्वतःहून सांगायला हवं.

तारीख

लग्नाच्या आधी दोन महिन्यांत नाक करायला येणारे दर सीझनला असतात आणि त्यांना हो म्हणणारेही असतात. स्प्लिंट साधारण आठवड्याने निघतो, डोळ्याखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत जातं, पण सूज, खास करून शेंड्याची, उतरायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहून जास्त. लग्नाचे फोटो त्या सुजलेल्या नाकाचे येणार. शिवाय हाड कापलं असेल तर चष्मा काही आठवडे नाकावर ठेवायचा नाही, आणि नथ किंवा चमकी कधी घालायची ते सर्जनला विचारूनच. लोकलच्या गर्दीत कोणाचं कोपर, स्कूटरवर फुल फेस हेल्मेट चढवताना नाकाला घासणं, याचाही विचार करून सुट्टी टाका.

दुबई, लंडन, अमेरिकेतून डिसेंबरच्या सुट्टीत येऊन करून जाणाऱ्यांसाठी: उतरल्या उतरल्या ऑपरेशन आणि स्प्लिंट काढायच्या आधी विमान, असं करू नका, किमान दोन आठवडे हातात ठेवा आणि तिकडे गेल्यावर नाक कोण बघणार ते आधी ठरवा. इस्तंबूलच्या पॅकेजला जाणाऱ्यांनाही हेच लागू, हॉटेल आणि फिरणं छान असेल, तिसऱ्या महिन्यात श्वास अडकला तर फोन कोण उचलणार?

सही आणि कागद

संमतीपत्र आदल्या दिवशी मागा, थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर पडून सही करायची नाही. मराठीत हवं असेल तर मराठीत मागा. त्यात काय करणार ते नेमकं लिहिलेलं हवं, कूर्चा कुठून घेणार तेही. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की एका प्रोसिजरला दिलेली संमती दुसऱ्या प्रोसिजरला चालत नाही, जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमचे फोटो सोशल मीडियावर टाकायची परवानगी त्याच कागदात बारीक अक्षरात घुसवलेली असते, नको असेल तर ती ओळ खोडून सही करा. पैसे भरून घेतलेली डॉक्टरची सेवा १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्यात येते, म्हणून प्रत्येक पैशाची पावती घ्या, अर्धे रोख अर्धे बिलावर असं काही करू नका.

घरी येताना डिस्चार्ज कार्डसोबत ऑपरेशन नोटची कॉपी मागा, म्हणजे आत काय काय केलं, कुठली कूर्चा कुठे बसवली, काही बाहेरचं टाकलं असेल तर त्याचा स्टिकर. मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं नियमात आहे. पुढे कधी दुसऱ्या सर्जनला नाक उघडावं लागलं तर पहिल्याने पडद्यातली किती कूर्चा काढलीय ते त्या कागदावर असतं, आणि बरगडीपर्यंत जायचं का कानावर भागेल हे तो त्यावरूनच ठरवतो.